सव्वा घनफूट

आधी मी डिकी उघडायला सांगतो.
आत गॅसचा सिलिंडर असेल तर बारा इंची विसरायचं,
सीटखाली सपाट आठ इंची सरकवायचा
आणि गप घरी जायचं.
एस्तेर सिस्टरच्या वॅगनारमध्ये सिलिंडर नव्हता.
स्टेपनी, एक मोडकी छत्री
आणि हॉस्पिटलच्या पांढऱ्या चपला.

"मुलासाठी का?" मी विचारलं.
"मुलगा कानात बोंडं घालून बसतो. मला पाहिजे."

मिरजेत रात्रपाळी, सकाळी आठला आरगच्या रस्त्याला.
"आयसीयूत रात्रभर टीं टीं.
सगळे आवाज बारीक, सुईचे.
घरी गेलं तर कुकर तोच सूर धरतो.
मला जाड आवाज द्या, दस्तगीर.
कानाला नाही कळला तरी चालेल,
पाठीला कळू दे."

एवढं सरळ माप
मालगाव रस्त्यावरच्या ह्या दुकानात
कुणी दिलं नव्हतं.

खोक्यावर दोन हजार वॅट छापलेलं असतं.
छापायला काय जातंय.
खरा आकडा खाली, मुंगीएवढा, आरएमएस,
पगारातला हातात पडतो तेवढा.
हे त्यांना लगेच पटलं.
वूफर घेतला तीनशेचा, चार ओहमचा.
ॲम्प्लिफायर मोनो, त्याहून जरा दांडगा,
कारण दमलेला ॲम्प आवाज फाडतो
आणि वूफर जळतो तो त्या फाटक्या आवाजानं.
"आमच्याकडं पण," त्या म्हणाल्या,
"बारा तासांनंतर."
वायर अस्सल तांब्याची, वरून मुलामा दिलेली नव्हे.
फ्यूज बॅटरीपासून वीतभर. त्यात तडजोड नाही.

राहिली पेटी.

वरातीच्या गाड्यांना भोकाची लागते,
दोन गल्ल्या आधी नवरदेव कळायला.
बंद पेटी कमी बोलते,
पण बोललेलं ओढत बसत नाही.
सिस्टरना बंद.

मागच्या पडवीत अब्बा असतात.
चाळीस वर्षं त्यांनी तंबोऱ्याचे भोपळे कोरले,
बोटाच्या पेरानं टकटक करून
कुठला ठेवायचा, कुठला गाईला घालायचा ते ठरवलं.
त्यांचं लाकूड गायला पाहिजे.
माझं लाकूड गप्प बसायला पाहिजे.
हे त्यांना सांगायला मला सहा वर्षं लागली,
आणि ते एवढंच म्हणाले,
"मग हवेला तरी गाऊ दे."

अठरा मिलीचा एमडीएफ. आत आडवा दांडका,
भिंती थरथरू नयेत म्हणून.
सांध्यांत सिलिकॉन, बोटानं दाबून,
सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी
पेटी फुसफुसते.
सव्वा घनफूट हवा कोंडली,
थोडा उशीतला कापूस.

गुरुवारी ड्यूटीवरून त्या थेट आल्या.
गेनचा स्क्रू मी हळू फिरवला;
पोरं त्याला व्हॉल्यूम समजतात
आणि महिन्यात परत येतात.
गाण्याआधी टेस्ट टोन लावला, चाळीस हर्ट्झ.
टोन कसला, नुसता एक भार.
डॅशबोर्डवरचा चहा गोल गोल थरथरायला लागला.

"गाणं कुठलं लावू?"
"थांबा. हेच राहू दे."

पाच मिनिटांनी मान कलली.
तोंड थोडं उघडं,
हातावर सलाइनच्या पट्टीचा चिकट डाग.
मी टोन बंद करायला हात नेला
आणि मागं घेतला.
आवाज निम्मा केला, बॅटरीला चार्जर लावला,
शटर अर्धं ओढलं.
पंक्चरवाला आवटी विचारत आला, काय बिघडलंय,
त्याला हातानंच परत पाठवलं.

अब्बा बाहेर आले.
डिकीशी वाकले, पेटीवर पेर आपटलं,
एकदा, आणि परत एकदा.
लाकडानं काहीच उत्तर दिलं नाही.
"मुकं आहे," ते म्हणाले.
शाबासकी होती की काय, मला कळलं नाही.
ते मात्र तळवा पेटीवर ठेवून
बराच वेळ तिथंच उभे.

साडेबाराला सिस्टर उठल्या,
घड्याळ बघून ओशाळल्या,
पैसे मोजून गेल्या.

फ्यूजचे साठ रुपये धरायचे राहिले.