पक्का रंग

कसाव्याची सालं. किसणाऱ्या शेजारणीनं फुकट दिलेली,
बकऱ्यांनीही हुंगून सोडलेली.
बोलातितोनं ती वाळवली, जाळली, कुटली,
फुटक्या बादलीत थर लावला
आणि मावशीच्या रांजणातलं सांडपाणी वर ओतलं.

मोरेनिके मावशी स्टुलावर. कोपरापर्यंत निळी.
चाळीस वर्षं रंग कापडात मुरवत आलेली बाई
आज तो सुटताना बघत होती:
पहिल्यांदा फिकं आभाळ,
पुन्हा ओतल्यावर
नुसतं पाणी.

‘पक्का आहे ना?’
गिऱ्हाइकं तिला विचारतात, तसं तिनं विचारलं.
मग चिमूटभर भुकटी बोटांत चोळली.
‘हिनं सगळं पिऊन घेतलं.
आता हिला कुठे धुणार?’

बोलातितो गप्प.

खाली ओगुन नदी
कालचाच रंग नेसून
चालली होती.