मेलेल्यांनी कधी उठायचं

रेकॉर्डर टेबलावर ठेवला की डेरेक ओल्डरॉइड
आधी त्यावर किटलीची लोकरी टोपी घालतो.
"गारठेल बिचारा," म्हणतो,
आणि मग तोच माझी मुलाखत घेतो:
मी कुणाची, कुठली,
लिंकनशायरच्या या चिखलात मला काय सापडणार.

मी सांगते, तुम्ही पहिले.
एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये, गहू काढलेल्या शेतात,
राजा आणि पार्लमेंटची तीनशे वर्षं जुनी लढाई
तुम्ही एकवीस जण पुन्हा लढलात,
त्यातले आता पाच आहात.
"चार," तो म्हणतो. "मंगळवारी मेव्हिस गेली."

मी यादीवर पेन टेकवते. खूण करत नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.
म्हणून भाले म्हणजे घेवड्याच्या मांडवाचे दांडे,
छातीवरचं लोखंड म्हणजे कापलेल्या बादल्या,
सरदाराचे कुरळे केस म्हणजे फरशी पुसायचा मॉप,
न वापरलेला, असं डेरेक दोनदा सांगतो.
तोफ गटाराच्या पाइपाची.
ती पहिल्यांदा कुणी डागली?
फीत तीन: हॅरल्ड म्हणतो, मी.
फीत पाच: बर्नार्ड म्हणतो, हॅरल्ड तेव्हा झुडपामागे होता, मी.
फोटोत तोफेपाशी दोघंही नाहीत.
कानात बोटं घातलेली
एक मुलगी आहे फक्त, फ्रॉकवाली,
तिचं नाव कुणालाच आठवत नाही.

मग तो क्लेमवर येतो.
क्लेम गारफिट, टपाल वाटायचा,
डेरेकच्या डाव्या हाताला उभा राहायचा आणि पहिल्याच फैरीत मरायचा.
"मीही लगेच मरायचो. एकटा कशाला पडून राहील?"
धसकटं पाठीला टोचतात,
क्लेम ओठ न हलवता सासूचे किस्से सांगतोय,
आणि हसू आलं तर काय करायचं?
मेलेल्याचं पोट हलतं, पोरं ओरडतात, तो बघा, जिवंत आहे!

त्या पहिल्या वर्षी सगळं ठरलं होतं.
कुणी जिंकायचं, कुणी पळायचं, झेंडा कुठे पडायचा.
मेलेल्यांनी कधी उठायचं, हे तेवढं राहून गेलं.
लढाई संपली. टाळ्या झाल्या. लोक चहाला गेले, मग घरी.
हे नऊ जण पडूनच.
शेवटी शेजारच्या कुरणातून गाई आल्या,
एकीनं क्लेमचा मॉप चघळायला घेतला
तेव्हा राजाची फौज उठली.
पुढच्या वर्षापासून पीटीच्या मिस पिंचबेकची शिट्टी:
एक लांब, दोन आखूड,
मग मेलेले उठणार, गुडघे झाडणार, प्रेक्षकांना वाकून नमस्कार.

ती शिट्टी आता डेरेकच्या कपाटात, बशीत, किल्ल्यांशेजारी आहे.
मी विचारते, ही तुमच्याकडे कशी?

(येथे चौदा सेकंद शांतता.)

"ते बंद कर," तो म्हणतो.
मी बंद करते.
बंद असताना सांगितलेलं लिहायचं नाही, हा नियम माझाच आहे,
म्हणून ते इथेही नाही.
पण जानेवारीतली फीत चार चालू होती.
त्यात मेव्हिस, खोकत, हसत, मग नुसतीच खोकत, सांगते
की बॉस्टनच्या इस्पितळात, पहाटे चारला,
कुणीतरी पुरुषांच्या वॉर्डात शिट्टी वाजवली.
एक लांब, दोन आखूड.
सगळे खडबडून उठून बसले. नर्स धावत आली.
खिडकीजवळचा एक तेवढा उठला नाही.

रात्री टाइप करताना एका वाक्याशी अडते.
"त्या वर्षी आम्ही हरलो, पण वाईट नाही वाटलं."
कुठलं वर्ष? सोळाशे त्रेचाळीस की एकाहत्तर?
समासात प्रश्नचिन्ह काढते, खोडते,
वाक्य होतं तसंच ठेवते.

निघताना त्यानं टोपी स्वतःच काढली,
रेकॉर्डरला तळहात लावून पाहिला.
"कोमट आहे," म्हणाला.
आणि किटलीत पाणी भरायला गेला,
माझी बस सहाची आहे हे माहीत असून.