आत घेताना

फुंक, फुंक, फुंक, अजून, अजून, थांबू नकोस —
दिवसातून चाळीस वेळा मी हे ओरडते
बर्गनच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
एका प्लास्टिकच्या नळीच्या अलीकडे बसून.
एकोणीस वर्षं झाली.
वाढदिवसाच्या केकपुढे नातवंडं
आधी माझ्या तोंडावर हात ठेवतात.

तोरुन आली तेव्हा सोळाची होती.
वॉसहून, वडिलांबरोबर.
वडिलांच्या नखांत स्कीचं मेण,
तिच्या पिशवीत तीन पंप — निळा, तपकिरी, जांभळा —
आणि एक वही: दोन वर्षांचे झटके
तारीखवार, आईच्या नेटक्या अक्षरात.
मुखपृष्ठावर एकच शब्द, दमा,
खाली पट्टीनं ओढलेली रेघ.

तिनं फुंकलं.
आलेख इतका सुरेख
की शिकाऊ मुलांना दाखवायला ठेवून द्यावा.
औषध देऊन पुन्हा फुंकलं, तोच.
मांजर, बर्चचे परागकण, धूळ,
हातावर एकही गांधी उठली नाही.

मग होतं काय तुला?
वडील म्हणाले, शेवटच्या चढाला हाय खाते.
प्रशिक्षक म्हणतात, सगळं मनाचं आहे.
‘मनाचं’ ऐकल्यावर तिनं
जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

मी विचारलं, आवाज कधी येतो गं,
सोडताना की घेताना?
हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.
ती स्वतःच्या गळ्यात शोधू लागली,
अंधारात, दारापाशी उभं राहून
खिशात किल्ली चाचपावी तशी.
“घेताना,” म्हणाली.

नाकातून बारीक कॅमेरा, डोक्यावर शिरस्त्राण,
पायांखाली पळता पट्टा.
डॉक्टर ओड्वारनी चढ वाढवला.
पडद्यावर तिचा कंठ, ओला, गुलाबी,
पाचव्या मिनिटापर्यंत सताड उघडा.
सहाव्या मिनिटाला स्वरयंत्रावरच्या मऊ घड्या
आत कलल्या.
ती जितकं ओढी, तितकं ते मिटे.
एक चिरका, बारीक आवाज,
बिजागरी न घातलेल्या दारातून
वारा घुसू पाहतो तसा.
फुफ्फुसं खाली ठणठणीत,
उपाशी वाट बघत.

वडील माझ्या मागे उभे होते.
त्यांनी टोपी काढली.
“मी वरून ओरडायचो,” म्हणाले,
“ओढ, अजून ओढ. दम धर.”
पुढे बोलले नाहीत.
मीही माझ्या नळीकडे बघत राहिले.

दम लागतो, दम धरतात, दम खातात,
आणि वरून कुणीतरी दम देतं ते निराळं.
या सगळ्यात दमा कुठे बसतो,
कुठे बसत नाही,
हे कळायला तिची दोन वर्षं गेली.

नंतरचं काम सोल्वीचं, वाचा-उपचाराच्या खोलीतलं.
खांदे खाली. जीभ सैल.
आधी सोड, दातांच्या फटीतून, स्स्स करत,
मग नाकानं घे, फार नको,
वेलदोड्याचा पाव भाजतोय शेजारच्या घरात, एवढंच.
आधी खुर्चीत, मग जिन्यावर, मग बर्फात.
काही दिवस जमायचं नाही.
एकदा तिनं वही स्टोव्हमध्ये टाकली,
आईनं अर्धी बाहेर काढली.

दुसऱ्या हिवाळ्यात शर्यतीत एक्केचाळिसावी आली.
निरोप तिचाच होता, खाली एक ओळ:
चढावर थांबले, दम खाल्ला, कुणी ओरडलं नाही.

आज सकाळी एस्किल आला, चौदाचा.
नळी तोंडात धरल्याबरोबर शिट्टी, सोडताना.
याचा खराच आहे.
याला तपकिरी पंप रोज हवा, सकाळ-संध्याकाळ,
आणि तो हा गादीखाली लपवतो,
कारण वर्गातली मुलं हसतात.
मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.
तोंडावर आलेलं ‘फुंक’ गिळलं,
आणि विचारलं, हसतात ती नेमकी कोण?