बिनवाऱ्याची जागा

आमच्या फेरो बेटांवर हा खेळ बाहेर खेळता येत नाही.
अंगणात फूल उडवलं तर पलीकडच्या बेटावर सापडेल,
असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. त्यात थोडंच खोटं आहे.
म्हणून गावात एक हॉल.
छपराला पत्रा, दाराला दोन कड्या,
आणि आत ती
बिनवाऱ्याची जागा.
सात वर्षांची असताना मी तिथे पहिल्यांदा पाहिलं,
हातातून सोडलेली हलकी वस्तू
सरळ खाली पडते.

लुब्लिनला आलो सहाजण. दोन विमानं, एक बस.
डावुर मासळीच्या कारखान्यातली पाळी बदलून,
मार्युन पोराला सासूकडे ठेवून,
मी परीक्षा बुडवून, एद्ना आणि हाइनी उसन्या बुटांत.
सहावं नाव बेर्गुरनं स्वतःचंच घातलेलं,
रकाना रिकामा बरा दिसत नाही म्हणून.
वय बावन्न. प्रशिक्षक तोच, हिशेब तोच, बॅगाही तोच उचलणार.

उद्घाटनाला आमच्यापुढे आइसलंडचा झेंडा धरला.
राहू द्या, बेर्गुर म्हणाला, शेजारीच आहेत.
मार्युननं पिशवीतून आपला काढला,
घड्यांच्या खुणांसकट.

समोरच्या संघात
नुसत्या पाण्याच्या बाटल्यांसाठी एक माणूस.
आमचा अख्खा देश त्यांच्या एका स्टेडियममध्ये बसवला
तरी वरच्या रांगा मोकळ्या राहतील.
मी हरले. एकवीस-सात, एकवीस-नऊ.
नवव्या गुणाला कुणीतरी टाळी वाजवली,
बहुतेक फरशी पुसणाऱ्यानं.

आणि डावुरला ताप भरला.
बेर्गुरनं चष्म्याला दोरी बांधली.

त्याचा बाप कड्यावर पक्षी धरायचा.
बारा फुटी काठी, टोकाला जाळं, खाली समुद्र.
लुंडी समोरून आला की जाळं उचलायचं नाही.
जाऊ द्यायचा.
वारा त्याला क्षणभर अधांतरी धरून ठेवतो,
तेव्हा मागून.

पहिला गेम बेर्गुर उभाच होता म्हणा.
आठ गुण, तेही हाइनीचे.
बाजू बदलताना तो थांबला,
मान वळवली, गार हवेच्या झरोक्यांकडे पाहिलं.
इथे वारा आहे, म्हणाला.
परक्या मुलखात कुणी आपली बोली बोलावी
तसा खूश.

मग ते दोघे फुलाकडे बघत राहिले
आणि हा हवेकडे.
फूल वारं प्यायल्यासारखं रेषेबाहेर निघायचं,
हा हात खाली घ्यायचा, जाऊ द्यायचा.
कधी उचलायचा, उशिरा, फार उशिरा,
आम्ही बाकावर डोळे मिटून घ्यायचो,
आणि उघडायचो तेव्हा पलीकडचा गुडघ्यांवर असायचा.
बावीस-वीस.
बाटल्यांवाला माणूस उठून उभा राहिला होता.

तिसऱ्या गेममध्ये बेर्गुरचा गुडघा गेला. एकवीस-पाच.
शून्य-पाच असाच निकाल छापतील.
गेमसाठी फलकावर जागा नसते.

रात्री हॉटेलात तो पाय खुर्चीवर ठेवून बसला,
गुडघ्यावर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी,
हातात मोडकं फूल.
पिसं मोजली, सोळा. सगळी एकाच पंखाची.
एक नाकाशी नेलं.
बदक आहे, म्हणाला. पाळीव. कधी उडलं नसणार बिचारं.
मेल्यावर शिकलं.

कुणी हसलं नाही, मग सगळेच हसलो.
सकाळी नऊला पुढची लढत. गजर लावला, दिवा घालवला.
अंधारात डावुरचा आवाज, तापानं जाड झालेला:
कुठून येत होता?
बेर्गुरनं काहीतरी हातानं दाखवलं असावं.
वाटाणे खाली पडले,
सरळ.