रडायला कुठं उभा राहू

फालका बाजारात, गजकवाल्याच्या डोक्यावर,
तेरा पायऱ्या चढून आलं की आमचा स्टुडिओ.
सासऱ्यांच्या वेळी खाली शोकेस होतं.
काचेमागे एक नवरी, सात वर्षं तीच.
उन्हानं तिचा शालू आधी गुलाबी झाला,
मग दुधाच्या चहासारखा.
तेवढ्यावर माणसं यायची.

आता चार ओळी लागतात.
निरंजन फोटो काढतो, ओळी मी लिहिते.
तो रात्री दोनला परततो,
स्वेटरला धुक्याचा आणि रबडीचा वास,
कार्ड माझ्या हातात ठेवतो आणि झोपतो.
मी त्या लग्नाला गेलेली नसते.
मी नुसते चेहरे मोठे करून बघते.

आधी लिहायचे: भव्य. दिव्य. अविस्मरणीय.
कुत्रं फिरकलं नाही.

मग थाटीपूरच्या शिवहरेंचं लग्न आलं.
जयमालेच्या फोटोत, पार मागे, धूसर,
मुलीचे वडील सापडले.
पाठमोरे. एका हातात पाण्याची बाटली,
दुसऱ्या हाताचा तळवा चष्म्याच्या आत.
मी लिहिलं, हिंदीत, गिऱ्हाईक इथलंच ना:
मुलीचे पप्पा जनरेटरपाशी उभे होते.
तिथं आवाज फार असतो.

आठवड्यात सहा बुकिंगं.

"भाभीजी, ते जनरेटरवालं
आमच्यात पण होईल ना?"
"पॅकेजमध्ये आहे, की वेगळे पैसे?"
मुरारच्या एका मॅरेज गार्डनला लाइट कधी जातच नाही,
तर मुलाचा भाऊ म्हणाला, मागवू एक, भाड्यानं.
निरंजन हसत सुटला.
मी वहीत तारीख लिहून घेतली.
हप्ता होता, लेन्सचा.

माघात दौलतगंजचे रणदिवे आले.
एजी ऑफिसातून रिटायर, खिशाला दोन पेनं.
मुलीचं लग्न. खुर्चीच्या कडेवर बसून
सगळे दर उतरवून घेतले,
मग पेनाला टोपण लावत विचारलं,
"रडायला कुठं उभा राहू?"

विचारलं अगदी सरळ,
फॉर्मवर सही कुठं करायची विचारावं तसं.
निरंजननं सांगितलं, डावीकडचा खांब.
उजेड बरा येतो तिथं.

आपल्याकडचंच लग्न, म्हणून मीही गेले.
अंतरपाट, अक्षता, घाईत आटपलेली मंगलाष्टकं.
पाठवणीच्या वेळी रणदिवे
बरोबर खांबापाशी जाऊन उभे राहिले.
रुमाल इस्त्रीचा.
काही आलं नाही.
निरंजननं बारा फोटो काढले.
बाराही फोटोंत माणूस टेंपोची वाट बघतोय.
गाडी गेली. ते ओशाळून म्हणाले,
"जमलं नाही हो."

साडेबाराला झालरी उतरत होत्या.
निरंजन बॅग बांधून बाहेर.
रणदिवे खुर्च्या मोजत होते, मंडपवाल्याला परत द्यायच्या,
एकशे सेहेचाळीस, एकशे सत्तेचाळीस,
थांबले.
परत पहिल्या खुर्चीपासून.
परत एकशे सत्तेचाळीस.
तिसऱ्या वेळी मंडपवाल्याचं पोरगंही
विडी विझवून गप्प उभं राहिलं.

माझ्या हातात फोन होता. कॅमेरा असतोच त्यात.
आणि खोटं कशाला बोलू,
ओळसुद्धा तयार होती.

"एकशे अठ्ठेचाळीस," मी म्हटलं,
आणि पुढची खुर्ची उचलून पालथी घातली.
एकोणपन्नास त्यांनी म्हटलं.
दोनशेपर्यंत गेलो आम्ही, एकेक करून.

घरी येऊन लिहिलं:
रणदिवेंच्या लग्नात दोनशे खुर्च्या होत्या.
सगळ्या परत गेल्या.

त्यावर आजवर एकच फोन आलाय.
मंडपवाल्याचा.
म्हणाला, खाली माझा नंबर पण टाका ना, भाभी.