पांढरं म्हणजे गरम

नवी पेठेत, कॅमेऱ्यांच्या दुकानात,
मल्लिनाथ बुळ्ळाने काउंटरवर दोन नळकांडी ठेवली.
"हे हिरवं दाखवतंय. ह्याला थोडा तरी उजेड लागतोय बघ,
चांदणं, नाहीतर ह्याचाच लाल दिवा.
आणि ह्या दुसऱ्याला उजेडाशी देणंघेणं नाही.
ऊब बघतंय. अंगातली."
मग हळूच, "डुकरं मारूलालास का बे?"
नाही म्हटलं. लांडगे मोजूलालो.
त्याने दोन हजार कमी केले.
का, ते मी विचारलं नाही.

खोक्यावर छापलं होतं, बाराशे मीटर.
बाराशे मीटरवर ठिपका दिसतो.
ठिपका कोल्हा असतो, मेंढी असते,
कधी कुणी नुकतीच बंद केलेली मोटारसायकल.
कान आणि शेपूट वेगळी दिसायला तीनशेच्या आत जावं लागतं
आणि तीनशेच्या आत लांडगा येऊ देत नाही.
म्हणून भिंग मोठं घेतलं, पस्तीसचं.
मान अजून दुखते.

पहिल्या रात्री घरातच लावून बघितलं.
पाच्छा पेठ, दोन खोल्या, दिवे घालवलेले.
माठ काळा. फ्रीजची पाठ पांढरी.
झोपलेल्या अम्माच्या पायात जोडव्यांचे गार काळे ठिपके.
मग नायना उठले, मोरीकडे निघाले.
एकतीस वर्षं पॉवरलूमवर रातपाळी केली त्यांनी,
आता रात्रीचं त्यांना काही म्हणता काही दिसत नाही.
भिंत धरून जातात.
ते गेले, आणि भिंतीवर पंजे उरले:
पाच बोटं, पुढे पाच बोटं, पुढे नुसता तळवा,
पांढरे, मग राखाडी, मग भिंत.
इतकी वर्षं ते रोज रात्री ह्या भिंतीवर लिहीत होते
आणि आम्ही दर दिवाळीला चुना मारत होतो.

नान्नजचा माळ. मे महिना.
गाडीची काच वर करून बघायचं नसतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
काचेपलीकडचं त्याला दिसतच नाही.
अर्धा तास मी लांडगा समजून
माझ्याच तोंडावर नजर ठेवून होतो.

खाली उतरलो तर दुसरीच अडचण.
दिवसभर त्रेचाळीस. दगड अजून तापलेले,
पांढऱ्यावर पांढरं,
दगडात लांडगा की लांडग्यात दगड, काही लागेना.
"अडीचपतुर काय दिसत नसतंय," बिरू म्हणाला,
घोंगडीत शिरला आणि यंत्रातून नाहीसा झाला.
नाकाचा शेंडा तेवढा राहिला.
मीही चादर ओढली, आपल्याच गावची, नायनांच्या कारखान्यातली.
त्याने यंत्र मागून घेतलं, डोळ्याला लावलं, हसला:
"चादरीतनं सगळा भाईर येऊलालास की बे."

अडीचला माळ निवायला लागला.
एकेक दगड विझत गेला.
तीन वाजून दहा मिनिटांनी गवताच्या कडेला
एक. कान, शेपूट, नक्की.
दुसरा.
तिसरा लंगडत, मागचा एक पाय बाकीच्यांहून पांढरा,
म्हणजे सुजलेला.
हिरव्याने हे सांगितलं नसतं.
मी श्वास धरून होतो, उगाच. यंत्राला श्वास ऐकू येत नाही.
लांडग्याला येतो.

बॅटरीची एक काडी उरली तेव्हा ते ओढ्याकडे उतरले.
चौथा मी पाहिला नाही.
पण त्यांच्यापासून लांब, एका सपाट खडकावर
लांबट पांढरा डाग होता,
कुणी आत्ताच उठून गेल्यासारखा.
मी बघेपर्यंत राखाडी झाला.

फॉर्मवर रकाने आहेत: नर, मादी, पिल्लू, एकूण.
उबेचा रकाना नाही.
एकूणमध्ये तीन लिहिलं, पेन तिथंच धरून बसलो.
"च्यार हायत," घोंगडीतून आवाज आला.
तू कधी बघितलास?
"सकाळी माझी मेंढरं मोजू की. मग कळंल."
आणि नाकाचा शेंडाही आत गेला.