कोरम

भाऊसाहेब म्हणायचे, आनंदा, वही फिरवून आण.
मी फिरवायचो.
शिपाई म्हणून लागलो त्याला एकोणीस वर्षं झाली.
ग्रामसभेला माणसं आणली नाहीत मी कधी,
सभाच माणसांकडं नेली, काखेत मारून.

गोठ्यात, गिरणीत, न्हाव्याच्या खुर्चीत
तोंडाला फेस असलेल्याच्या हातात पेन दिलं.
बेदाण्याच्या शेडवर बायका निवडत बसलेल्या,
त्यांची बोटं चिकट. वहीची पानं एकमेकांना धरून राहायची,
उलगडताना टर्र वाजायचं.
इतिवृत्ताला मुंग्या लागलेलं गाव
अख्ख्या जत रस्त्याला आमचंच असेल.

'सर्वानुमते मंजूर.'
सर्वानुमते म्हणजे मी, माझी सायकल
आणि शाईचं पॅड.

यंदा एप्रिलच्या शेवटी, त्याच शेडवर,
छबूताई हुबालेनं वही घेतली
आणि सही करायची सोडून वाचायलाच लागली.
ओळीखाली बोट, ओठ हलतायत.
'ओढ्यावरची फरशी दुरुस्त केली,' ती म्हणाली, 'दोनदा.
मग माझा पाय कशात मुरगळला रं, आनंदा?'

मी म्हणालो, कर ताई सही, ऊन लई झालंय.
'सभंत बसंन तवा करीन.'
वही मिटली, माझ्या छातीशी दिली,
रडणारं लेकरू आईकडं परत द्यावं तशी.

भाऊसाहेब हसले. राहू दे म्हणाले.
शंभर जमणार नाहीत. सभा तहकूब.
आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही.

नियमाला असं मागचं एक दार आहे, बिनकडीचं.
आम्ही सगळे त्यातूनच ये-जा करत आलो.
माझा पगारही त्यातूनच आला, खोटं कशाला बोलू.

एक मे. झेंडा झाला, पोरं गोळ्या घेऊन पांगली.
मांडवात सतरंजी, सतरंजीवर छबूताई, एकटी,
मुरगळलेला पाय लांब करून.
इराप्पा पाणी कुठंय विचारायला आला, बसला.
मेहबूब मुलाणीनं टेम्पो सावलीला लावला
आणि अर्धा तास 'निघालोच' म्हणत उभा राहिला, मग बसला.
शेडवरच्या बायका दिवसाचा रोज बुडवून आल्या,
आल्यावर आधी पदरानं बोटं पुसली.
झेंड्याखाली सरांनी मघाशी
देश हा शब्द अकरा वेळा म्हटला होता.
सतरंजीवर कुणी म्हटला नाही.

मी मोजत होतो.
नव्व्याण्णव.
भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं, पेनाचं टोपण काढलं,
तहकूबचा 'त' लिहिला.

'आनंदा,' छबूताई म्हणाली, 'तुझं मतदान कुठं हाय रं?'

इथंच की. वॉर्ड दोन.
हातात तांब्या घेऊन उभा असलेला माणूस
कुणी मोजत नाही. तो स्वतःही धरत नाही स्वतःला.
मी तांब्या ठेवला. चपला काढल्या.
सतरंजी तापली होती.
एवढ्यांच्या सह्या घेतल्या जन्मभर,
माझी मलाच वळेना.

भाऊसाहेबांनी त्या 'त'चं 'तारीख' केलं.

नंतर जे झालं त्याला चांगलं म्हणवत नाही.
दोन भाऊ बांधावरून भांडले, फरशीचा काही संबंध नसताना.
मेहबूब म्हणाला खडी आणतो, डिझेल गावानं घालावं.
डिझेलवर पाऊण तास गेला.
कामावर उभं राहायला पाच नावं पाहिजे होती,
नावं विचारली तसे सगळे सतरंजीचे दोरे मोजायला लागले.
शेवटी चारच मिळाली.
धारांची वेळ झाली तशी निम्मी माणसं उठून गेली.

फरशी अजून झाली नाही.
भाऊसाहेब माझ्याशी कामापुरतंच बोलतात.
वही आता टेबलावर असते,
कुणीही येतं, उघडतं, टर्र वाजतं.

पाचवं नाव मी घातलं.
मंगळवारी सिमेंटची पोती मोजायची पाळी माझी.